सिस्टर मावशीकडे जाताना : नवशिक्या कुटुंबासाठी मार्गदर्शिका

ज्यांच्या घरातली एखादी मावशी, आत्या किंवा मामा परदेशात मिशनरी आहे आणि 'एकदा येऊन जा ना' हे तिचं दर नाताळचं वाक्य ज्यांनी यंदा खरं मानलं आहे, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. वसई पट्ट्यात अशी कुटुंबं शोधावी लागत नाहीत. निर्मळपासून सांडोरपर्यंत कुठल्याही आळीत शिरा. एखाद्या घरात पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली, गणवेशातल्या आफ्रिकी मुलींच्या घोळक्यात उभी असलेली पांढऱ्या झग्यातली एक बुटकी बाई भिंतीवर दिसेलच. तीच मावशी.

नमुन्यादाखल आम्ही टांझानियातलं म्वांझा हे शहर घेतलं आहे. व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिण काठावर ते वसलं आहे. ज्यांची मावशी पापुआ न्यू गिनीत किंवा ब्राझीलमध्ये असेल त्यांनी मासा, भाषा आणि डास बदलून घ्यावेत. बाकी मजकूर तसाच लागू पडतो.

या विषयात आपल्याला परंपरेचा आधार नाही, हे आधीच सांगायला हवं. वसईचे संत गोन्सालो गार्सिया मिशनरी म्हणून जपानला होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्यांना क्रुसावर मारण्यात आलं आणि १८६२मध्ये त्यांना संतपद मिळालं. पण मे महिन्यात मुलंबाळं घेऊन त्यांच्याकडे राहायला जाण्याची सोय त्या काळी नव्हती. त्यामुळे पाहुण्यांनी कसं वागावं याबद्दल पूर्वजांनी काहीच सांगून ठेवलेलं नाही.

निघण्यापूर्वी

पिवळ्या तापाची लस किमान दहा दिवस आधी टोचून घ्यावी आणि पिवळं कार्ड पासपोर्टातच ठेवावं. केनियासारख्या देशातून परतताना हे कार्ड सापडलं नाही, तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवस अलग राहण्याची पाळी येऊ शकते. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारावं, व्हॉट्सॲपवरच्या काकांना नव्हे.

स्वेटर घ्यावा. 'आफ्रिकेत स्वेटर?' असं आळीतला प्रत्येक जण विचारील. व्हिक्टोरिया सरोवराचं पाणीच समुद्रसपाटीपासून सुमारे ११३० मीटरवर आहे, म्हणजे माथेरानच्याही वर. विषुववृत्त जवळ असलं तरी पहाटे गारठा लागतो. आळीला हे समजावत बसू नका, विमान चुकेल.

आता प्लास्टिक. टांझानियाने १ जून २०१९पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली आहे आणि ती पाहुण्यांनाही लागू आहे. वसईची बाई सामान कसं भरते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या बंदीचं गांभीर्य कळेल. सुकेळी एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, तिला गाठ, वर रबरबँड, आणि या सगळ्याभोवती साडीच्या दुकानाची पिशवी. ही सगळी शिल्पं घरीच सोडवावीत. कापडी पिशव्या शिवून घ्या.

सामानातला खरा धोका मात्र शेजारपाजारचा. तुमचं तिकीट निघाल्याची बातमी पहिल्या मिस्सेनंतर फुटते आणि दुसऱ्या मिस्सेपर्यंत ओट्यावर गाठोडी येऊ लागतात. 'तिथल्या गरीब मुलांना द्या' म्हणून येणारे जुने कपडे नम्रपणे परत करावेत. तिथल्या बाजारात युरोप-अमेरिकेचे जुने कपडे गठ्ठ्यांनी येतात, 'मितुंबा' या नावाने ढिगांनी विकले जातात. जगात जुन्या कपड्यांची गरज सगळ्यात कमी कुठे असेल तर ती तिथे.

काय न्यायचं हे मावशीलाच विचारा आणि ती सांगेल तेच न्या. हा संवाद साधारण असा होतो :

"अगं, तिथं काय मिळत नाही ते सांग."

"कुकरची शिट्टी."

"आणि?"

"कुकरचं रबर. मोठ्या कुकरचं. दोन आण."

"ते झालं गं. पण मिशनला काही लागत असेल ना?"

"मिशनलाच लागतंय. डाळ शिजत नाही."

इथे आई फोन ठेवते आणि डोळ्यांना पदर लावते. बहिणीच्या त्यागाबद्दल तिच्या मनात इतकी वर्षं जे चित्र होतं, त्यात कुकरचं रबर नव्हतं.

घड्याळ

मुंबईहून दार-एस-सलाम, किंवा नैरोबी नाहीतर अदिस अबाबामार्गे, आणि पुढे म्वांझा. एवढा प्रवास तुम्ही निभावून न्याल. खरी परीक्षा पोहोचल्यावर, पहिल्याच दिवशी, वेळ विचारताना होते.

टांझानियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, हे सोपं. पण स्वाहिली बोलताना माणसं तास मध्यरात्रीपासून मोजत नाहीत, सूर्योदयापासून मोजतात. विषुववृत्ताजवळ बारा महिने सूर्य जवळपास एकाच वेळी उगवतो, त्यामुळे ही पद्धत तिथे उत्तम चालते. सकाळचे सात म्हणजे पहिला तास, आठ म्हणजे दुसरा, दुपारचे बारा म्हणजे सहावा. घड्याळाचे काटे मात्र आपल्यासारखेच. काटा सातावर असतो आणि माणूस 'एक वाजला' म्हणतो. दोघंही खरं बोलत असतात.

मावशीला त्या देशात इतकी वर्षं झाली आहेत की ती मराठीत बोलतानाही कधी त्यांचं घड्याळ वापरते, कधी आपलं, आणि आपण कुठलं वापरलं हे तिला आठवत नाही. "उद्या अकराला प्रार्थना," असं म्हणून ती दिवा मालवते. अकरा म्हणजे पहाटेचे पाच. तुम्ही न्याहारी करून, दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून अकराला चॅपेलात पोहोचाल, तेव्हा तिथे एक मुलगी फरशी पुसत असेल.

उपाय एकच : सहा मिळवावेत किंवा सहा वजा करावेत आणि मग 'कुणाचे?' असं विचारावं. आजीच्या बाबतीत हा उपायही चालत नाही. रक्तदाबाची गोळी चुकू नये म्हणून तिने मनगटावर वसईचीच वेळ ठेवलेली असते. तेव्हा जेवणाच्या टेबलाशी तीन काळ एकदम नांदतात : आजीच्या हातावर वसई, भिंतीवर म्वांझा आणि स्वयंपाकीणबाईंच्या तोंडी सूर्य. गोळी कुणाच्या घड्याळाने घ्यायची हे शेवटी दवाखान्यातली नर्स ठरवते.

तुम्ही कोण आहात

विमानतळावर मावशी स्वतः जीप चालवत येईल. 'हिला तर सायकलसुद्धा येत नव्हती' हे वाक्य बाबांनी मनात म्हणावं. गाडीत बसल्यावर लक्षात येईल की तिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा आहे, तिचा फोन सतत वाजतो आहे, आणि ती एकाच वेळी डिझेल, फी आणि छपराचे पत्रे अशा तीन विषयांवर तीन माणसांना रागावते आहे. तुम्ही तपस्विनीला भेटायला निघाला होतात. तुम्हाला भेटली ती मुलींच्या वसतिगृहाची आणि शेजारच्या दवाखान्याची मुख्य कारभारीण. हा धक्का पचायला साधारण दोन जेवणं लागतात.

रस्त्यावर तुम्हाला 'म्हिंदी' म्हणतील, म्हणजे भारतीय माणूस. तिथे भारतीय म्हटला की दुकानदार, बहुधा गुजराती. ब्रिटिश अमदानीत पूर्व आफ्रिकेत कारकुनी आणि शिंपीकाम करणारे गोवेकर ख्रिस्ती बरेच होते. पण खेड्यातल्या चर्चमध्ये गुडघे टेकणारं सबंध भारतीय कुटुंब, सोबत लाल लुगड्यातली आजी, हे दृश्य नवीन आहे. लोक वळून बघतील. बघू द्या. आपणही वसईत पाहुण्या पाद्र्याला तसंच बघतो.

कॅथलिकांमधला नमस्कार पाठ करून जा : 'तुम्सिफू येसू क्रिस्तो', उत्तर 'मिलेले आमिना'. वडीलधाऱ्यांना 'शिकामो' म्हणायचं, त्यांनी 'मारहाबा' म्हणायचं. तुमच्या घरातला तेरा वर्षांचा मुलगा, जो वसईत आजोबांनाही मान वर न करता 'हाय' म्हणतो, तो तिसऱ्या दिवसापासून प्रत्येक म्हाताऱ्याला वाकून शिकामो म्हणू लागेल. तिथली सगळीच मुलं म्हणतात, आणि एकट्याने वेगळं राहायला त्याला आवडत नाही. यावर भाष्य करू नये, तो लगेच थांबेल.

एखादा वयस्क कॅटेकिस्ट, म्हणजे पाद्री नसताना गावाची उपासना सांभाळणारा गृहस्थ, तुम्हाला विचारील की तुमच्याकडे ख्रिस्ती धर्म कधी आला. तुम्ही वसईतले पोर्तुगीज, १५३४ सालचा तह, फ्रान्सिस्कन पाद्री वगैरे सांगाल. तो मान डोलावून सांगेल की त्यांच्या सरोवराकाठी 'व्हाइट फादर्स' संघाचे मिशनरी १८७८-७९च्या सुमारास पोहोचले. मग बोटांवर हिशेब करून म्हणेल, "म्हणजे तुम्ही आमच्यापेक्षा तीनशे वर्षांनी वडील. शिकामो!" यावर 'मारहाबा' म्हणावं की नाही, याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत.

जेवण

जेवणाआधी यजमान तांब्यातून तुमच्या हातावर पाणी घालतात. पुढे उगाली येते, मक्याच्या पिठाची घट्ट उकड. उजव्या हाताने गोळी वळायची, अंगठ्याने खळगा पाडायचा आणि त्या खळग्यात पालेभाजी किंवा रस्सा उचलायचा. भाकरी मोडणाऱ्या हाताला हे पटकन जमतं. काट्याचमच्याची सवय असलेले दिल्लीकडचे पाहुणे जास्त सांडतात, असं मावशीचं निरीक्षण आहे.

माशाच्या बाबतीत वसईकरांनी निश्चिंत राहावं. सरोवरातला 'सातो' म्हणजे तिलापिया, अख्खा तळून ताटात येतो. 'सांगारा' हा प्रचंड मासा या सरोवराचा मूळचा नव्हे. तो विसाव्या शतकात, १९५०च्या दशकाच्या आसपास बाहेरून आणून सोडला. त्याने सरोवरातल्या कित्येक जाती संपवल्या आणि त्याचे काप म्वांझातल्या कारखान्यांतून युरोपला जातात. पण आई थबकेल ती 'दागा'पाशी. बोटाएवढी चंदेरी मासळी, उन्हात वाळवलेली, पोत्यांनी भरलेली. म्वांझाच्या किरुंबा बाजारात शिरताच तो वास येतो आणि आई डोळे मिटून म्हणते, "पाचूबंदर!" त्यानंतर तिला तिथून हलवणं अवघड जातं. भाव विचारताना हजारांचे आकडे ऐकून घाबरू नये. एका रुपयाला तीसच्या आसपास शिलिंग मिळतात.

एक सक्त सूचना आयांसाठी : कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघराचा ताबा घेऊ नका. तिथे टांझानियाच्या, केरळच्या, झारखंडच्या सिस्टर राहतात आणि कुणाला किती तिखट चालतं याचा समझोता बऱ्याच वाटाघाटींनंतर झालेला आहे. तुमच्या घरच्या मसाल्याचं एक चमचाभर प्रेम तो मोडू शकतं. एखाद्या रविवारी परवानगी घेऊन एक पदार्थ करा. भांडी घासा. भांडी घासणाऱ्या पाहुण्याला कुठल्याही धर्मसंघात दुसऱ्यांदा बोलावतात.

रविवार

वसईत मिस्सा तासाभराने संपते आणि प्रवचन लांबलं की आपण घड्याळ बघतो. तिथे घड्याळ बघण्यात अर्थ नाही, कारण ते कुणाचं हाच प्रश्न आहे. दोन तास धरून चला, सण असेल तर तीन. गायनवृंद एका जागी उभा राहून गात नाही; डोलतो, पावलं टाकतो, आणि मधूनच बाया जिभेने उलुलु असा उंच स्वर काढतात. आजी पहिल्यांदा दचकते. दुसऱ्यांदा ती विचारते, "हे कसं करतात गं?"

दानार्पणाला लोक रांगेने नाचत पुढे येतात. हातात मका, अंडी, ऊस, केळ्यांचे घड आणि पाय बांधलेली जिवंत कोंबडी. मिस्सेनंतर यातल्या पुष्कळशा वस्तूंचा चर्चच्या आवारात लिलाव होतो आणि पैसे चर्चला जातात. या वेळी नवशिक्यांनी हात खाली ठेवावेत. डास मारायला, ओळखीच्या माणसाला हात करायला किंवा फोटोसाठी मोबाइल उंच धरायलाही हात वर नेऊ नये. नाहीतर बाबांच्या काखेत एक कोंबडा येतो आणि टाळ्या वाजतात. तो परत करता येत नाही. पुन्हा दान करता येतो, मग त्याचा पुन्हा लिलाव होतो, आणि या मार्गाने एकाच कोंबड्यावर चर्चची बरीच कमाई होते. लिलाव करणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

पाहुण्यांना वेदीपाशी बोलावून बोलायला सांगतात. बाबांनी लिहून आणलेलं इंग्रजी भाषण वाचू नये. तुम्सिफू येसू क्रिस्तो म्हणावं, वसईचा सलाम सांगावा, बसावं.

काय बघावं, काय टाळावं

मावशीने सिंह पाहिलेला नसतो. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाचं पश्चिम दार म्वांझाहून काही तासांवर आहे, तरीही. "वेळ कुठाय?" हे तिचं उत्तर खरं आहे. तुम्ही जायचं असेल तर तिलाही न्या आणि त्या दिवसापुरता तिचा फोन दुसऱ्या सिस्टरकडे ठेवा.

बुजोरा मात्र चुकवू नका. म्वांझाबाहेर किसेसाजवळ, कॅनडाहून आलेल्या फादर डेव्हिड क्लेमेंट यांनी त्या भागातल्या सुकुमा लोकांचं संग्रहालय उभं केलं. तिथल्या चर्चचं छप्परही सुकुमा राजाच्या झोपडीच्या घाटाचं आहे. आपल्याकडेही फादर स्टीफन्स यांनी इंग्लंडहून येऊन मराठी ओव्यांत 'ख्रिस्तपुराण' रचलं आणि ते १६१६मध्ये छापलं गेलं, हे आपण अभिमानाने सांगतो. टांझानियात त्या पुराणाची जोड सापडते, आणि ती पाद्र्याकडे नाही. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे कॅथलिक होते. सत्ता सोडल्यानंतर त्यांनी शुभवर्तमानं स्वाहिली पद्यात उतरवली. देश चालवून झाल्यावर असं काम हाती घेणारा नेता आपल्याकडे कुणी आठवत नाही.

सरोवरात उतरू नका. पाणी निळंशार आणि मोहक आहे आणि त्यात बिल्हार्झियाचे जंतू आहेत. दवाखान्यातल्या रोग्यांचे फोटो काढू नका. गाडीच्या खिडकीतून चॉकलेटं वाटू नका. त्या मुलांना नावं आहेत, आया आहेत आणि दुसऱ्या दिवशी दात दुखले तर ती तुमच्याच मावशीच्या दवाखान्यात येतात. गावात फिरायला तीनचाकी रिक्षा करा. तिला तिथे 'बजाजी' म्हणतात, आणि हे ऐकून बाबा ड्रायव्हरला आकुर्डीचा पत्ता सांगू लागतील. सांगू द्या, त्याला समजत नाही.

'बिचारी' हा शब्द वर्ज्य. आई तो रोज रात्री वापरते. "बिचारीचे हात किती खरबरीत झालेत." "बिचारीला आपल्या माणसात मरणसुद्धा यायचं नाही." मावशी एकदा ऐकून घेते, दोनदा ऐकून घेते, मग हिशेबाची वही बंद करून म्हणते, "तायी, मी अठराव्या वर्षी घर सोडलं, ते कुणी ढकललं म्हणून नाही. इथं मला काम आहे. तुला काम हवंय का? उद्या लसीकरण आहे, कार्डं लिही." दुसऱ्या दिवशी आई दवाखान्याच्या ओट्यावर बाळांची नावं लिहीत बसते. स्वाहिली नावं, उच्चार कळत नाहीत, प्रत्येक आईला तीनदा विचारते आणि त्या हसतात. त्या दिवसापासून 'बिचारी' बंद होतं. म्हणून आमची शिफारस : पाहुण्यांना आल्याच्या दुसऱ्याच दिवशी कामाला लावावं.

खर्च आणि निरोप

तुमचं राहणं मावशीला फुकट पडत नाही. जनरेटरचं डिझेल, पाणी, जास्तीचा तांदूळ हे सगळं त्याच वहीत लिहिलं जातं, जिच्यात मुलींची फी लिहिली जाते. निघण्यापूर्वी कॉन्व्हेंटचा हिशेब बघणाऱ्या सिस्टरच्या हाती पाकीट द्या. मावशीच्या हाती नको. ती परत करील आणि मग दोन बहिणींत भांडण होईल. पाकिटाचा फोटो काढू नका.

निघताना गाव तुम्हाला काहीतरी देईल : कितेंगेचं कापड, शेंगदाणे, आणि पुन्हा कोंबडी. तो मान आहे, दोन्ही हातांनी घ्यावी; विमानात चालत नाही हे मावशी मागाहून समजावते आणि कोंबडी वसतिगृहात जाते. शेंगदाणे कापडी पिशवीत बांधा.

मावशीलाही काही वर्षांनी सुट्टी मिळते आणि ती वसईला येते. आल्या दिवसापासून आपण तिला घरोघर फिरवतो : सकाळी एका घरी न्याहारी, दुपारी दुसऱ्या घरी इंदेल, संध्याकाळी तिसऱ्याकडे रोजरी आणि रात्री महिला मंडळात आफ्रिकेवर भाषण, त्यात सिंहाचा प्रश्न हमखास. पुढच्या खेपेला ती येईल तेव्हा तिला दुपारी झोपू द्या, फोन उचलू देऊ नका, आणि परत जाताना तिच्या बॅगेत कुकरची दोन रबरं आठवणीने टाका.